झेंडा पनामाचा, पोरगा दाभोळचा

रत्नागिरी-गुहागर पट्ट्यात बोटीवर असलेला कोणीतरी नात्यात असतोच, त्यामुळे सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), साइन ऑन (बोटीवर रुजू होणं) वगैरे सांगत बसत नाही. पगार अडकला किंवा पाय मोडला की कायदा कुठल्या देशाचा, हा प्रश्न जुनाच. इंग्रजांच्या बोटींवर डेकला आपल्याकडचे खलाशी असायचे, आणि १८२३ च्या कायद्याने त्यांना ब्रिटिश खलाशी धरलंच नाही, म्हणजे प्रजा ब्रिटिश पण खलाशी म्हणून परके.

मग आला सोयीचा झेंडा, म्हणजे मालक एका देशाचा आणि बोटीची नोंदणी सोयीच्या दुसऱ्याच देशात, आणि नोंदणी जिथली झेंडा तिथला. १९२२ मध्ये दोन अमेरिकन प्रवासी बोटी पनामाच्या नावावर गेल्या, कारण अमेरिकेत दारूबंदी होती आणि बोटीवर दारू विकायची होती (खरंच). १९४८ ला लायबेरियाने परदेशी मालकांच्या बोटींसाठी रजिस्टर उघडलं.

सगळे दाखला देतात तो १९५३ चा अमेरिकन निकाल. डेन्मार्कच्या खलाशाने न्यूयॉर्कमध्ये डॅनिश बोट पकडली, करारात डॅनिश कायदा लिहिलेला, आणि हवानाच्या बंदरात तो जखमी झाला, मग भरपाईसाठी अमेरिकेत दावा. तिथल्या वरच्या कोर्टाने सात गोष्टी तपासल्या, अपघाताची जागा, झेंडा, खलाशाचा देश, मालकाचा देश, करार कुठे झाला, अशा, आणि सगळ्यात जास्त वजन झेंड्याला दिलं. दावा गेला. तेव्हापासून 'झेंडा तोच कायदा' असं जो तो ठोकून देतो, पण मला विचाराल तर तिथे झेंड्याची परीक्षा झालीच नाही, कारण माणूस, मालक, करार सगळंच डॅनिश होतं, झेंडा वेगळा पडला असता तर कळलं असतं. १९७० ला ते कळलं. बोट ग्रीक, खलाशी ग्रीक, करारही ग्रीसमध्ये केलेला, पण मालक अमेरिकेत राहून तिथूनच धंदा चालवणारा आणि अपघात न्यू ऑर्लीन्सला. कोर्टाने झेंडा बाजूला ठेवला, अमेरिकन कायदा लावला. धंदा कुठून चालतो ही आठवी गोष्ट तिथून आली. हे निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत, तरी एजंट लोक पहिलाच ऐकवतात.

आखातात जमिनीवर नोकरी करणाऱ्यांचं वेगळं, तिथे काम जिथे कायदा तिथला, आणि दुबईत नोकरीच्या कराराची मुंबईत दिलेली इंग्रजी प्रत नि तिथली अरबी प्रत जुळली नाही तर अरबी चालते. बोटवाल्यांसाठी खलाशांच्या हक्कांचा २००६ चा जागतिक करार (एमएलसी) २०१३ ला लागू झाला, भारताने २०१५ ला मान्य केला, त्यामुळे खलाशाशी लेखी करार आता लागतोच, पण तो पाळला जातो की नाही हे बघायचं काम पुन्हा झेंडेवाल्या देशाकडेच, शिवाय बंदरातली तपासणी.

पोरं फोटो पाठवतात, बोटीच्या मागच्या अंगाला नोंदणीचं बंदर म्हणून 'मोनरोव्हिया' (लायबेरियाची राजधानी) लिहिलेलं दिसतं, आणि घरचे विचारतात, ही बोट तिकडे चाललीय का रे?