शेजारी बदलला की चोचही बदलते

बेट तेच, पक्षी तोच, दोन्ही वेळा दुष्काळच. निकाल मात्र उलटसुलट. गॅलापागोस द्वीपसमूहातल्या डॅफ्ने मेजर या ओसाड बेटावर हे घडलं आणि त्याची मापासकट नोंद झाली, कारण पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ दांपत्य १९७३ पासून तिथल्या फिंच पक्ष्यांच्या पायात कड्या घालून त्यांच्या चोची मोजत होतं.

१९७७ साली पाऊस जवळपास पडलाच नाही. लहान, मऊ बिया भराभर संपल्या. उरली ती सराट्याच्या जातकुळीतल्या एका झुडपाची फळं: काटेरी आणि दगडासारखी टणक. बेटावरच्या 'मध्यम भूफिंच' या जातीत ज्यांची चोच जाड होती, ते फळाचा कोपरा पिळून फोडत, एखाद-दुसरी बी काढत आणि उरलेलं फळ टाकून देत. बारीक चोचीच्यांना तेवढंही जमेना. बहुतेक पक्षी मेले. तगले त्यांत जाड चोचीचे जास्त. चोचीची जाडी आईबापांकडून पिल्लांकडे जाते, त्यामुळे पुढची पिढी सरासरीने जाड चोचीची निपजली.

१९८२ च्या अखेरीस बेटावर नवा रहिवासी स्थिरावला, 'मोठा भूफिंच' ही दुसरी जात. वजनाने मध्यम फिंचच्या दीडपटीहून जास्त, आणि तीच काटेरी फळं तो कितीतरी झपाट्याने फस्त करतो. सुरुवातीची वीसेक वर्षं फारसं काही बिघडलं नाही. मोठे फिंच थोडे होते, फळं पुरत होती. मग २००३ आणि २००४ ही लागोपाठची वर्षं कोरडी गेली, आणि तोवर मोठ्यांची संख्याही बरीच वाढली होती. त्यांनी काटेरी फळांचा साठा जवळपास संपवला. (शेवटी त्यांच्यातलेही पुष्कळ उपाशी मेलेच.) जाड चोचीच्या मध्यम फिंचांना १९७७ मध्ये तारणारी चोचच या वेळी भोवली, कारण त्यांची सगळी भिस्त त्या फळांवर होती. बारीक चोचीचे किरकोळ बिया टिपून जगले. मध्यम फिंचची सरासरी चोच लहान झाली. पुढे २०१६ साली जनुकांची तपासणी झाली, तेव्हा चोचीच्या आकाराशी निगडित 'एचएमजीए२' या जनुकाचं लहान चोचीशी जोडलेलं रूप या दुष्काळात वाचलेल्यांमध्ये जास्त आढळलं.

'जो लायक तो तगतो' हे वाक्य मला म्हणूनच अर्धवट वाटतं. कुणाच्या शेजारी लायक, हे त्यात येतच नाही.

अर्थात दर वेळी शरीरच बदलतं असं नाही. बऱ्याचदा एखादी जात नुसती जागा सोडते. स्कॉटलंडच्या खडकाळ किनाऱ्यावर बार्नेकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी समुद्री जीवाच्या दोन जाती दोन पट्ट्यांत चिकटलेल्या असतात, एक वर, एक खाली. वरचीला खालची जागा मानवत नसावी, असं वाटणं साहजिक आहे. जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञांनी खडकाच्या काही भागांवरून खालची जात सतत खरवडून काढली, तर वरची तिथे मजेत वाढली. एरवी खालची जात तिच्या कवचाखाली घुसून तिला खडकावरून उचकटते किंवा दाबून चिरडते. खालची जात मात्र वरच्या पट्ट्यात ओहोटीच्या उन्हाने सुकून मरते. म्हणजे एकीची हद्द हवामानाने आखली, दुसरीची शेजारणीने. हे निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध झाले.

जागा सोडली की शरीर मागून येतं का? फ्लोरिडातल्या छोट्या बेटांवर तसं दिसलं. तिथे हिरवे ॲनोल सरडे राहत. १९९५ साली संशोधकांनी काही बेटांवर तपकिरी ॲनोल मुद्दाम सोडले, काही बेटं तशीच ठेवली. तपकिरी सरडे जमिनीजवळ वावरतात. हिरवे झाडावर उंच सरकले. पंधरा वर्षांनी पाहिलं, तर या बेटांवरच्या हिरव्या सरड्यांच्या बोटांखालच्या चिकट गाद्या मोठ्या झाल्या होत्या. उंचावरच्या बारीक, गुळगुळीत फांद्यांवर अशा मोठ्या गाद्यांनीच पकड चांगली बसते. हा केवळ आयुष्यभर चढउतार केल्याचा परिणाम असेल, अशी शंका उरत होती. म्हणून दोन्ही प्रकारच्या बेटांवरून गाभण माद्या आणून त्यांची पिल्लं प्रयोगशाळेत एकसारख्या परिस्थितीत वाढवली. फरक तिथेही कायम राहिला.