पैसे भरलेलं वाय-फाय जास्त सुरक्षित असतं का?

ठाणे स्टेशनसारख्या ठिकाणी रेलवायरचं वाय-फाय रोज पहिली 30 मिनिटं फुकट, पुढे पैसे. पैसे भरले की बँकेची कामं बिनधास्त करता येतात, असं अनेकांना वाटतं. पण ओटीपी मागणारं किंवा पैसे घेणारं ते पान तुमच्या फोनचा मॅक पत्ता (वाय-फायवर फोनला ओळखणारा क्रमांक) नोंदवतं आणि त्या पत्त्यापुरतं इंटरनेट चालू करतं, इतकंच. नेटवर्कच्या नावाशेजारी कुलपाची खूण नसेल, तर फोन आणि राउटरमधला मजकूर विसाव्या मिनिटाला जितका उघडा होता, तितकाच चाळिसाव्यालाही असतो.

मग वाशीतल्या एखाद्या कॅफेत बिलावर पासवर्ड छापून देतात, ते बरं का? थोडंसंच. डब्ल्यूपीए2 या वाय-फाय सुरक्षेच्या पद्धतीत पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव 4096 वेळा घुसळून 256 बिटांची मूळ किल्ली, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणारी गुप्त संख्या, बनते. म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांची मूळ किल्ली एकच! जोडणीच्या वेळी फोन आणि राउटर एकमेकांना एकेक यादृच्छिक संख्या पाठवतात. त्या दोन संख्या, दोघांचे मॅक पत्ते आणि मूळ किल्ली यांतून फक्त तुमची अशी किल्ली तयार होते. गोम अशी, की मूळ किल्ली सोडून बाकी चारही गोष्टी हवेतून उघड्या जातात. शेजारच्या टेबलावरच्या लॅपटॉपने ही देवाणघेवाण टिपली, तर बिलावरच्या पासवर्डवरून तो तुमची किल्ली काढू शकतो. टिपायची राहिली, तर 'जोडणी तोड' असा खोटा संदेश सोडायचा. बरेच फोन निमूटपणे पुन्हा जोडणी करतात. 2018 मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए3 मध्ये पासवर्ड ठाऊक असला तरी नुसतं टिपून किल्ली निघत नाही. त्याच नावाचा तोतया राउटर मात्र तिथेही उभा करता येतो.

तरीही रोज लाखो लोक लुटले जात नाहीत, ते एचटीटीपीएसमुळे, म्हणजे साइट आणि फोन यांच्यातल्या सुरक्षित जोडणीमुळे. फोनपासून थेट बँकेच्या सर्व्हरपर्यंत मजकूर कूटबद्ध असतो. टपून बसलेल्याला फार तर साइटचं नाव कळतं. म्हणूनच ब्राउझरने साइटच्या प्रमाणपत्राबद्दल (साइट खरी असल्याच्या पुराव्याबद्दल) इशारा दिला, तर 'तरीही पुढे जा' दाबू नका. व्हीपीएनच्या (तुमचा सगळा मजकूर कूटबद्ध करून आपल्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सेवेच्या) जाहिराती याच भीतीवर चालतात, पण त्याने विश्वास फक्त कॅफेवरून व्हीपीएन कंपनीवर जातो.

काम झालं की नेटवर्क 'फर्गेट' करा, नाहीतर ते बिनपासवर्डचं असेल, तर पुढच्या वेळी फोन त्याच नावाच्या कुठल्याही उघड्या राउटरला आपणहून चिकटू शकेल. यूपीआयसाठी सरळ मोबाइल डेटा चालू करावा. तेवढ्या व्यवहाराला डेटा लागतोच किती?