ग्वाडेलूपची सायकल शर्यत: पाय तयार, कागद अडले

कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर 1948 पासून चालत आलेली 'टूर द ला ग्वाडेलूप' ऑगस्टमध्ये होते. वर्ग यूसीआय (सायकलिंगची जागतिक संघटना) 2.2, अनेक टप्प्यांच्या शर्यतींचा, म्हणजे जानेवारी 2026 मध्ये झालेल्या 'पुणे ग्रँड टूर'चाच. तेव्हा पहिला गैरसमज इथेच सोडा: या शर्यतीला एकट्याने नाव देता येत नाही. प्रवेश संघाला मिळतो. कॉन्टिनेंटल (यूसीआयकडे नोंदलेला खंडीय दर्जाचा संघ), राष्ट्रीय, प्रादेशिक किंवा क्लबचा. वय 19 पूर्ण लागतं, पण ते जन्मतारखेवरून नाही, जन्मसालावरून मोजतात. परवाना आपल्या राष्ट्रीय सायकलिंग महासंघाचा, त्याच वर्षाचा. 31 डिसेंबरला तो संपतो. क्लब किंवा प्रादेशिक संघाला परदेशी खेळण्यासाठी महासंघाचं लेखी परवानगीपत्रही लागतं, त्यात रायडरची नावं हवीत.

आता खरी अडचण. ग्वाडेलूप फ्रान्सचाच भाग, पण शेंगेन क्षेत्रात, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत, नाही. "माझ्याकडे शेंगेन आहे की!" म्हणणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं. साध्या शेंगेन व्हिसावर बेटावर उतरता येत नाही. अर्जातच ग्वाडेलूप लिहून त्या भागापुरता फ्रेंच व्हिसा मागावा लागतो. त्यातून वाट बहुतेक पॅरिसमार्गे. तिथे विमानतळ बदलायचा असेल तर शेंगेन व्हिसाही लागतो, आणि तो एकाच प्रवेशाचा असेल तर परतीला पंचाईत, कारण ग्वाडेलूपहून पॅरिसला येणं म्हणजे शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा शिरणं. तिकीट काढण्याआधी 'प्रवेश किती' हा रकाना वाचा. एवढी साधी गोष्ट अर्जात ठळक लिहायला काय हरकत आहे, देव जाणे.

तारखांचा घोळ वेगळाच. भरलेला प्रवेश अर्ज आयोजकांकडे शर्यतीच्या 20 दिवस आधी पोचायला हवा. अंतिम नावं, दोन राखीवांसह, 72 तास आधी. हे 72 तास वाचून लोक निवांत बसतात! व्हिसाच्या निर्णयालाच पंधरा दिवस धरा, गर्दीत जास्त. म्हणून राखीव रायडरचेही अर्ज मुख्य संघाबरोबरच टाका. व्हिसा नसलेला राखीव कोणाच्या कामाचा? अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात. आयोजकांचं निमंत्रणपत्र लवकर मागून घ्या.

आणखी एक, खास आपलं. पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावाला चिकटलेलं, परवान्यावर मात्र फक्त नाव-आडनाव. निमंत्रणपत्रात तिसराच प्रकार. तिन्हीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहून घ्या, बाळांनो. नंतर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

विमा, परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, बँकेचे उतारे हे नेहमीचंच. सायकल नेताना भारतातल्या विमानतळावर कस्टम्सकडून तिची नोंद करून घ्या, चौकटीच्या क्रमांकासकट, नाहीतर येताना आपल्याच सायकलवर शुल्काचा वाद होतो. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर संघाच्या डॉक्टरला आत्ताच सांगा. 2022 पासून ते स्पर्धाकाळात बंदीच्या यादीत आहे.