क्लेमॅटिस: कुंपणावरून बागेत आलेली वेल

पावसाळा सरत आला की सह्याद्रीच्या घाटवाटांवर झुडपांच्या माथ्यावर पांढऱ्या फुलांची चादर पसरवणारी मोरवेल अनेकांनी पाहिली असेल. काही भागांत तिला रानजाई असेही म्हणतात. फुले गळून गेल्यावर तिच्या प्रत्येक बारीक फळाला लांब, केसाळ, रुपेरी शेपटी फुटते आणि सगळी वेल पिसांनी मढल्यासारखी दिसू लागते. युरोप, अमेरिका आणि जपानमधील बागांत मानाचे स्थान मिळवलेली क्लेमॅटिस ही याच मोरवेलीच्या प्रजातीतील आहे. या प्रजातीत सुमारे ३०० जाती असून त्यांपैकी बहुतेक समशीतोष्ण प्रदेशांत वाढतात. बचनाग आणि कलौंजी ज्या रॅनन्क्युलेसी कुलात मोडतात त्याच कुलात क्लेमॅटिसही येते, आणि मराठी वनस्पतिशास्त्राने त्या कुलाला मोरवेल कुल हेच नाव दिले आहे.

मी राहतो त्या दक्षिण इंग्लंडमध्ये घर घेतलेली मराठी कुटुंबे परसबाग करायला लागली की पहिल्या दोन-तीन खरेदींत क्लेमॅटिस हमखास असते. रोपवाटिकेतून आणताना कुंडीत ताटलीएवढी जांभळी फुले असतात आणि दोन वर्षांनी तक्रार येते की वेल वाळली किंवा नुसती पानेच येतात. अशा वेळी मी प्रत्येकाला जवळच्या टेकडीवरचे एखादे जुने कुंपण पाहून यायला सांगतो. चुनखडीच्या टेकड्यांवरील झुडपांत येथील रानटी क्लेमॅटिस, म्हणजे क्लेमॅटिस व्हायटाल्बा, मुबलक वाढते. तिचे बी झुडपांच्या तळाशी, कुजलेल्या पानांच्या ओलसर थरात रुजते, मुळे कायम गारव्यात राहतात आणि खोड दुसऱ्यांच्या फांद्यांचा आधार घेत उजेडापर्यंत पोहोचते. बागेतील क्लेमॅटिसच्या निगेचे जवळजवळ सगळे नियम या एका दृश्यातून निघतात.

लागवडीपासूनच पाहू. घराच्या भिंतीलगतची जागा वेलीसाठी सोयीची वाटते, पण भिंतीच्या पायथ्याशी पाऊस फारसा पोहोचत नाही आणि तेथील माती बागेत सर्वांत कोरडी असते. म्हणून खड्डा भिंतीपासून हात-दीड हात दूर घ्यावा, त्यात भरपूर कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत मिसळावे आणि वेल काठीच्या आधाराने भिंतीकडे कलती करावी. मुळांवर सावली हवी असे सांगितले जाते. त्यामागचे खरे कारण ओलावा आणि गारवा टिकवणे हे आहे. बुंध्यापुढे बुटकी, पसरणारी झाडे लावली किंवा मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर दिला तरी तो हेतू साधतो. मात्र हा थर खोडाला चिकटू देऊ नये. चुनखडीच्या जमिनीत रानटी जाती दिसतात म्हणून बागेतल्या मातीत मुद्दाम चुना मिसळण्याची गरज नाही, कारण पाण्याचा निचरा होणाऱ्या आणि तरीही ओल धरणाऱ्या कोणत्याही सुपीक मातीत ही वेल चांगली वाढते. कुंडीतच लावायची असेल तर ती निदान ४५ सेंटिमीटर खोल असावी.

ही वेल चढते कशी, हे मात्र जवळून पाहण्यासारखे आहे. तिला द्राक्षवेलीसारखे ताणे नसतात आणि आयव्हीसारखी चिकटणारी मुळेही नसतात. ती पानांच्या देठांनी आधार धरते. कोवळ्या पानाचा देठ तारेला टेकला की स्पर्शाच्या विरुद्ध बाजूच्या पेशी अधिक लांबतात आणि देठ तारेभोवती वळतो. चार्ल्स डार्विन यांनी क्लेमॅटिसच्या अनेक जातींवर याचे प्रयोग केले आणि १८६५ मध्ये आरोही वनस्पतींवरील आपल्या दीर्घ निबंधात ते प्रसिद्ध केले. त्यांनी देठांवर दोऱ्याचे अगदी हलके फासे अडकवून ठेवले, तर तेवढ्या नाममात्र भारानेही देठ वाकले. आधार सापडलेला देठ पुढे जाड आणि लाकडासारखा कठीण होतो, असेही त्यांनी नोंदवले आहे. माझ्या बागेतल्या वेलीवर ऑक्टोबरात पाने वाळून लोंबत असतात, पण तारेला वेढा घातलेले त्यांचे देठ इतके घट्ट असतात की ते हाताने सुटत नाहीत, कात्रीनेच कापावे लागतात. देठ आखूड असल्यामुळे जाड खांबाला त्याचा वेढा पुरत नाही. म्हणून आधार पेन्सिलीहून बारीक असावा. तार, सुतळी किंवा जाळी चालते आणि खांबावर चढवायची असेल तर त्याभोवतीही जाळी गुंडाळावी.

ज्यांना आपण क्लेमॅटिसच्या पाकळ्या म्हणतो त्या वास्तविक पाकळ्या नाहीत. ती निदले आहेत, म्हणजे इतर फुलांत कळीभोवती जे हिरवे आवरण असते तेच येथे मोठे व रंगीत झाले आहे. बहुतेक जातींत खऱ्या पाकळ्या नसतातच. कळी उमलण्यापूर्वी नीट पाहिली तर तिच्यावर वेगळे हिरवे आवरण दिसत नाही. कळीची बाहेरची बाजूच हळूहळू हिरवट रंग सोडून जांभळी होत जाते.

आता छाटणीकडे वळतो, कारण फुले न येण्याचे कारण बहुधा चुकीच्या वेळी चाललेली कात्री हे असते. फुले कोणत्या फांदीवर येतात, एवढा एकच प्रश्न येथे विचारायचा असतो. हिमालयातली क्लेमॅटिस मोंटाना, जी लेडी ॲमहर्स्ट यांनी १८३१ मध्ये भारतातून ब्रिटनमध्ये नेली, ती एप्रिल-मे महिन्यांत फुलते आणि त्या फुलांच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांद्यांवर आधीच तयार झालेल्या असतात. हिवाळ्यात तिची छाटणी केली तर त्या वर्षीची सगळी फुलेच कापली जातात. तिला आवर घालायचाच असेल तर बहर ओसरल्याबरोबर घालावा. याउलट इंग्लंडमधील वोकिंग येथे जॅकमन यांच्या रोपवाटिकेत संकरातून तयार झालेली आणि १८६२ मध्ये प्रथम फुललेली जॅकमनाय ही गडद जांभळी वेल जुलैपासून त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुलते. ती छाटली नाही तर फूट दरवर्षी जुन्या खोडाच्या शेंड्याकडूनच सुरू होते आणि फुले डोक्याच्या वर, खालचे खोड उघडेबोडके, अशी अवस्था होते. फेब्रुवारीच्या अखेरीस तिचे प्रत्येक खोड जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीच्या लगेच वर कापावे. पाने समोरासमोर येत असल्यामुळे प्रत्येक पेरावर असे दोन डोळे असतात आणि एका खोडाच्या जागी दोन फुटतात. दक्षिण युरोपातून आलेल्या व्हिटिसेला गटालाही हीच छाटणी मानवते.

या दोन टोकांच्या मध्ये मोठ्या फुलांच्या, मे-जूनमध्ये फुलणाऱ्या जाती येतात. फ्रान्समध्ये १८९७ साली बाजारात आलेली, फिकट गुलाबी निदलांवर गडद पट्टा असलेली नेली मोझर ही त्यांतली सर्वांत परिचित. तिची फुले जुन्या फांद्यांपासून निघालेल्या आखूड फुटीवर येतात, म्हणून हिवाळ्याच्या शेवटी वरून खाली बघत येऊन फक्त वाळलेला भाग पहिल्या जोमदार डोळ्यांपर्यंत काढावा. तिचे गुलाबी पट्टे कडक उन्हात विटतात. पूर्वेकडील किंवा अर्धवट सावलीची जागा तिला द्यावी. जात कोणतीही असो, नव्या रोपाला पहिल्या वसंतात ३० सेंटिमीटरपर्यंत छाटणेच हिताचे असते, कारण त्यामुळे बुंध्यापासून अनेक खोडे फुटतात. सुंदर वाढलेले रोप कापताना हात थबकतो हे मला मान्य आहे, तरीही ते करावेच.

मोठ्या फुलांच्या संकरित जातींना मर रोगाचा धोका असतो. कॅलोफोमा क्लेमॅटिडिना या बुरशीमुळे, माती ओली असतानाही, भर बहरात एखादे खोड एकाएकी माना टाकते आणि पाने व देठ काळे पडतात. अशा वेळी रोगट खोड निरोगी भागापर्यंत, गरज पडल्यास जमिनीलगत, कापून टाकावे, तो कचरा खतात घालू नये आणि कात्री निर्जंतुक करावी. माझी पहिली वेल अशी वाळली तेव्हा ती मेली असे समजून मी उपटली, आणि मातीखालच्या बुंध्यावर दोन पांढरे कोंब निघालेले दिसले. अशा जातींचे रोप कुंडीतल्या पातळीपेक्षा ५ ते ८ सेंटिमीटर खोल लावण्याची शिफारस याच कोंबांसाठी असते, कारण जमिनीखाली डोळे असले की वरचा भाग गेला तरी वेल पुन्हा फुटते. रानटी जाती आणि व्हिटिसेला गट या रोगाला सहसा बळी पडत नाहीत, म्हणून नवख्या माणसाने त्यांपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे.

छाटणी करताना हातमोजे घालावेत. खोड चिरडले की त्यातून प्रोटोॲनिमोनिन हे दाहक द्रव्य तयार होते आणि त्वचेवर फोड येऊ शकतात. पूर्वी युरोपातील काही भिकारी लोकांची दया मिळवण्यासाठी रानटी क्लेमॅटिसचा रस अंगावर चोळून मुद्दाम जखमा करून घेत, इतका तो तीव्र असतो.

मोठ्या फुलांच्या जातींना थंडीतील विश्रांतीचा काळ लागतो, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या हवामानात त्यांच्यावर पैसे घालवण्यापेक्षा आपली मोरवेल कुंपणावर चढवणे मी अधिक शहाणपणाचे मानतो. उन्हाळा, पाऊस आणि कोरडा हिवाळा हे चक्र तिच्या अंगवळणी पडलेले आहे.

वेल वाढवायची तर बियांपेक्षा दाब कलम सोपे. वसंतात एक लांब खोड वाकवून त्याचे एक पेर मातीखाली दाबावे, वर दगड ठेवावा आणि ती जागा ओलसर राखावी. साधारण वर्षभरात पेरापाशी मुळे धरतात. मग आईकडील बाजू कापून रोप अलगद उचलावे आणि त्याच्या नव्या जागीही आधी पायाशी सावली करून द्यावी.