पार्श्वभूमी : इंजिनाची थरथर आणि सुटणारे नट

घर्षणाचे जुने नियम १६९९ आणि १७८१ या सालांतले, शाळेत सगळ्यांनी घोकलेले. शिडाच्या होडीचे त्यांवर भागत होते. हर्णै, मिरकरवाडा, मालवणच्या होड्यांत डिझेल इंजिने बसली आणि बंदरात करकचून आवळलेले बेडचे (इंजिनाखालच्या लाकडी बैठकीचे) बोल्ट समुद्रात ढिले पडू लागले, तेव्हा हे नियम अपुरे वाटू लागले.

'थरथरीने घर्षण कमी होते' असे सर्रास म्हणतात. इथेच गफलत होते. दाब तोच, पृष्ठभाग तेच, म्हणून घर्षणाचा जोरही साधारण तेवढाच राहतो. बदलते ती दिशा. वस्तू त्या क्षणी जिकडे घसरते त्याच्या बरोबर उलट घर्षण लागते. मिनिटाला १५०० फेऱ्यांचे इंजिन सेकंदाला २५ हेलकावे देते असे धरा. हेलकावा मध्यापासून जेमतेम ०.१ मिमी असला, तरी आडवा वेग सेकंदाला १६ मिमीच्या आसपास जातो. नट असा आडवा घसरू लागला की घर्षण त्या घसरण्यालाच अडवण्यात गुंतते आणि फिरण्याला आडकाठी जवळजवळ उरत नाही. आट्यांना उतार असतोच. नट कणाकणाने उलटा फिरतो.

बोल्टाच्या लांबीतल्या धक्क्यांपेक्षा आडवे हेलकावे जास्त घातक, हे १९६९ मध्ये खास यंत्रावर दाखवले गेले. तशाच चाचण्यांत स्प्रिंग वॉशर (नटाखाली घालायची चिरलेली चकती) अगदीच कुचकामी ठरला. तरी आजही नट सुटला की पहिला तोच घातला जातो. खरा आधार बोल्टातल्या ताणाचा: सांधा आडवा घसरणारच नाही इतका ताण हवा.

'ढिला' हा एकच शब्द दोन बिघाडांना वापरतात, त्यामुळे उपाय चुकतो. आवळल्यावर नटावरून बोल्टावर आणि बेडवर रंगाची एक सरळ रेघ ओढावी. रेघ तुटली, तर नट फिरला. रेघ शाबूत आणि तरी पाना सहज फिरतो, तर खालचे लाकूड दबले. तिथे चेकनट, म्हणजे नटाला जखडणारा दुसरा नट, काय करणार? रुंद, जाड पट्टी घालावी आणि पहिल्या काही तासांच्या चालीनंतर पुन्हा आवळावे. चेकनट लावताना पातळ नट खाली, पूर्ण जाडीचा वर; पातळ पान्याने धरून वरचा आवळायचा. पुष्कळदा हे उलटे केलेले दिसते.

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना आटे गंजतात. गंजलेला नट पान्याला घट्ट लागतो, बोल्टात मात्र ताण नसतो. असा नट सोडून, आटे ब्रशने साफ करून, तेल देऊन नव्याने आवळावा आणि रेघही नवी ओढावी.