फलन

गणितात फलन म्हणजे दोन संचांमधला असा संबंध की पहिल्या संचातल्या प्रत्येक घटकाला दुसऱ्या संचातला एक आणि एकच घटक जोडलेला असतो. बोलताना सगळे फंक्शनच म्हणतात, इथंही पुढं दोन्ही शब्द येतील. पहिला संच डोमेन, दुसरा को-डोमेन, आणि को-डोमेनमधले जे घटक खरंच वापरले जातात तेवढी रेंज. डोमेनमधलं कुणी सुटायला नको आणि कुणाच्या वाट्याला दोन उत्तरं यायला नकोत, एवढ्याच अटी. दुसऱ्या बाजूनं मात्र दहा जणांचं उत्तर एकच आलं तरी चालतं, कुणी रिकामं राहिलं तरी चालतं.

फंक्शन म्हटलं की सूत्र पाहिजेच असा समज पक्का बसलेला असतो. लातूर-नांदेडला अकरावी सायन्सला आलेली पोरं फ(क्ष) दिसलं की (म्हणजे f(x)) लगेच सूत्र शोधायलेत, कारण सराव तसाच झालेला असतो. पण पावसाळ्यात आपल्याकडचे पेपर जायकवाडीचे आकडे छापतात ते बघा. पाणीपातळी फुटांत, साठा दलघमीत (दशलक्ष घनमीटर) आणि शेवटी टक्केवारी. धरणाची पूर्ण पातळी १५२२ फूट, जिवंत साठा २१७१ दलघमीच्या आसपास, मृतसाठा (तळाचं, वापरता न येणारं पाणी) धरला तर २९०९. पातळीवरून साठा काढायला असं कुठलं सुटसुटीत सूत्र नाही, गोदावरीचं खोरं जसं पसरलंय तसं मोजून तक्ता केलेला असतो आणि त्यात बघायचं, तरीही ते फंक्शनच, कारण एका पातळीला एकच साठा. पुढं साठ्यावरून टक्के काढायचे तर सूत्र आहे, एकूण साठ्यातून मृतसाठ्याचे ७३८ वजा करा आणि २१.७१ नं भागा. ही दोन एकापाठोपाठ लावली की पातळीवरून थेट टक्के मिळतात, याला कंपोझिट फंक्शन म्हणतात. तारखेवरून रोज सकाळची पातळी सांगणं हेही फंक्शन. पण उलट पातळीवरून तारीख विचारली तर फंक्शन मोडतं, कारण १५१० फूट पाणी ऑगस्टात चढताना असू शकतं आणि त्याच वर्षाच्या पाण्यात पुढं उन्हाळ्याकडं उतरतानाही. बारकाईनं बोलायचं तर पातळी-साठा तक्तासुद्धा कायमचा नसतो, गाळ साचत जातो तसा तो बदलावा लागतो, म्हणजे साठा हे पातळी आणि वर्ष या दोन्हींचं फलन ठरतं.

कल्पनेचा उगम नेमका कुठं धरायचा यावर एकमत नाही. तक्ते हेच फंक्शन मानले तर बॅबिलोनियातल्या, वर्गांचे आणि व्यस्त संख्यांचे तक्ते कोरलेल्या विटांपर्यंत मागं जावं लागतं, आणि मग आर्यभटाचा (इ.स. ४९९ च्या सुमारास) 'ज्या' म्हणजे आजच्या साइनचा तक्ताही त्यात येतो: त्रिज्या ३४३८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरून दर २२५ कलांना एक अशा २४ ज्या, त्यांच्यातले फरक २२५, २२४, २२२, २१९ असे उतरत जाणारे. भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत (११५०) ग्रहाची तात्कालिक (त्या क्षणाची) गती काढताना या फरकांचा जो विचार केलाय तो फारच पुढचा आहे. तरी आपल्याकडं फंक्शन तेव्हापासूनच होतं असं म्हणणं जरा ओढाताणीचं वाटतं. फंक्शनं हाताळली जात होती, पण फंक्शन ही स्वतंत्र वस्तू म्हणून कुणी वेगळी काढलेली नव्हती.

हा शब्द लायब्निट्सच्या १६७३ च्या हस्तलिखितात सापडतो, पण तिथं त्याचा रोख वक्राशी जोडलेल्या रेषांकडं आहे, स्पर्शिका वगैरे. योहान बर्नुली यानं १७१८ मध्ये चल आणि स्थिर राशींपासून कशाही प्रकारे बनलेली राशी अशी व्याख्या केली. ऑयलरनं १७४८ मध्ये राशीच्या जागी पदावली आणली, म्हणजे सूत्रच, आणि १७५५ मध्ये स्वतःच ते सैल करून एक राशी दुसरीवर अवलंबून बदलते एवढंच ठेवलं. मधल्या काळात ताणलेल्या तारेच्या कंपनावरून त्याचं दालाँबेरशी वाजलं होतं. तारेला सुरुवातीला हातानं ओढून कसाही आकार देता येतो, त्याला सूत्र नसलं तरी चालेल, असं ऑयलर म्हणायचा आणि दालाँबेर ऐकायला तयार नव्हता. फूरियेनं उष्णतेवरच्या १८२२ च्या ग्रंथात हा वाद आणखी ताणला.

आजची व्याख्या बहुतेक पुस्तकं डिरिक्ले याच्या नावावर टाकतात. १८२९ मध्ये त्यानं परिमेय संख्यांना एक किंमत आणि अपरिमेयांना दुसरी असं फंक्शन दिलं, ज्याचा आलेख काढणं अशक्य. पण १८३७ च्या लेखात तो जी व्याख्या देतो ती सलग (आलेख कुठं न तुटणाऱ्या) फंक्शनांपुरती आहे, आणि त्याच्या नावानं सर्वसाधारण व्याख्या फिरायला लागली ती हांकेलच्या १८७० च्या लिखाणापासून, असं काही इतिहासकार दाखवतात. लोबाचेव्हस्कीनंही १८३४ मध्ये जवळपास असंच लिहिलंय. उदाहरण डिरिक्लेचं, व्याख्येचं श्रेय वाटून द्यावं, हे मत जास्त पटण्यासारखं आहे. संच आणि क्रमित जोड्यांच्या भाषेतली मांडणी विसाव्या शतकातली, ती बोर्बाकी या फ्रेंच गणितज्ञांच्या गटाच्या १९३९ नंतरच्या ग्रंथांमुळं रूढ झाली.

प्रकार दोन तऱ्हांनी पाडतात. जोडणी कशी आहे यावरून वन-वन (दोघांचं उत्तर एक नाही), मेनी-वन, ऑन्टू (को-डोमेनमधलं कुणीच रिकामं नाही) आणि इनटू. वन-वन आणि ऑन्टू दोन्ही असेल तरच उलटं फंक्शन मिळतं. तीन घटकांच्या संचातून दोन घटकांच्या संचात ८ फंक्शन होतात, त्यातली ६ ऑन्टू, वन-वन एकही नाही.

दुसरी तऱ्हा रूपावरून. स्थिर, एकरेषीय, वर्ग, बहुपदी, परिमेय (छेद शून्य होईल तिथं डोमेनमधून वगळायचं), त्रिकोणमितीय ही शाळेपासून ओळखीची. एकरेषीय आणि घातांकी यातला फरक व्याजात चांगला कळतो. शेकडा ३ रुपये महिना या दरानं सरळ व्याज लावलं तर २४ महिन्यांत १०० चे १७२ होतात, आलेख सरळ रेषा. तेच दर महिन्याला मुद्दलात चढवत गेलं तर १.०३ चा २४ वा घात, म्हणजे २०३ रुपयांच्या वर, आणि पुढं तर वेग वाढतच जातो. लॉगॅरिदम हे याचंच उलटं, दुप्पट व्हायला किती महिने हे विचारणारं.

स्टेप फंक्शन एसटीनं फिरणाऱ्याला सांगायची गरज नाही. भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यानं लागतं, तेव्हा निव्वळ अंतराच्या हिशेबात ७ किलोमीटर गेलात काय आणि ११ गेलात काय, टप्पे दोनच. अकरावीतलं ग्रेटेस्ट इंटिजर फंक्शन याच जातीचं, फक्त ते खाली ओढतं: ४.७ चं ४, पण उणे २.३ चं उणे ३. इथं उणे २ लिहून दरवर्षी मार्क जातात.

वर्गमुळाच्या चिन्हाचंही तेच. वर्ग ९ असलेल्या संख्या दोन, पण √९ म्हणजे फक्त ३, अधिक-उणे ३ नव्हे, नाहीतर ते फंक्शनच राहणार नाही. जुन्या पुस्तकांत अशांना बहुमूल्य (म्हणजे अनेक किंमती देणारं) फलन म्हणायचे, आता किंमतींचा पट्टा आधी ठरवून घेतात. साइन इन्व्हर्ससाठी तो उणे ९० ते ९० अंशांचा आहे.