जपानी फ्लॅट आणि ४७ वर्षांचा गैरसमज
'जपानमध्ये ४७ वर्षांनी फ्लॅटची किंमत शून्य होते' हे साफ चूक आहे. ४७ वर्षं हा करासाठी आरसीसी निवासी इमारतींचा घसारा, म्हणजे वर्षागणिक हिशेबात कमी होणारी किंमत, मोजण्याचा कालावधी आहे. टोकियोच्या उपनगरात, तामा न्यू टाउनमध्ये, १९७१ पासून लोक राहायला आले. तिथल्या लिफ्ट नसलेल्या कितीतरी पाचमजली इमारतींत आजही संसार सुरू आहेत.

पण स्वस्त मिळतोय म्हणून डोळे झाकून घेऊ नका. बांधकाम परवानगी १ जून १९८१ पासूनची, म्हणजे भूकंपाच्या नव्या निकषांनुसारची आहे का, ते बघा. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न सोसायटीच्या दुरुस्ती निधीचा. भाडेकरू असो वा नसो, तो दरमहा भरावाच लागतो. आधीच्या मालकाने थकवलेली रक्कमही कायद्याने नव्या मालकाकडून वसूल करता येते. व्यवहाराआधी थकबाकीचा लेखी तपशील मागाच.